जज आपल्यातला आहे का?

"बाय, जज कोण हाय? आपल्यातला हाय काय?"

मागच्या पावसाळ्यात आमच्या जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कोर्टाबाहेर एका आईनं मला हे विचारलं. तिचा एकवीस वर्षांचा मुलगा मोबाइलवरच्या एका स्टेटसपायी आत होता. कलम १९६, दोन समाजांत तेढ. मी बोर्डावरचं न्यायाधीशांचं आडनाव वाचलं आणि मान हलवली. तिचा चेहरा पडला. खरं सांगायचं तर माझाही पडला होता, आणि तिच्या आधीच.

आदल्या रात्री ते आडनाव कळल्यावर मी मनातून हरले होते. जामीन अर्ज दोन पानांचा झाला, जुन्या फाइलमधून उचललेला. आरोपी निर्दोष आहे, घरचा कमावता आहे, अटी पाळायला तयार आहे, एवढंच त्यात होतं. गुन्ह्याची शिक्षा तीन वर्षांपर्यंतची आहे, म्हणजे अटकेआधी हजर राहण्याची नोटीस द्यायची, आणि अटक करायचीच असेल तर ती का लागली हे लिहून ठेवायचं. २०१४ च्या अर्नेश कुमार निकालात सर्वोच्च न्यायालयानं हे पोलिसांना बजावलं आहे. त्या पोरालाही नोटीस आली नव्हती. हा मुद्दा माझ्या अर्जात नव्हता. अर्ज फेटाळला गेला. बाहेर आल्यावर मी त्या आईला म्हटलं, "खाला, काय करणार, माणसंच तशी आहेत."

दोन दिवसांनी आदेशाची प्रत हातात आली. त्यात लिहिलं होतं की, अटक बेकायदा असल्याचं आरोपीच्या वतीनं म्हणणं नाही. बरोबरच होतं. मी तसं म्हटलंच नव्हतं. मग सेशन्समध्ये नीट अर्ज केला, नऊ पानांचा, आणि मुलगा सुटला. मधले नऊ दिवस तो आत राहिला, ते माझ्या खात्यावर आहेत. जजच्या आडनावाच्या खात्यावर नाहीत.

हे सगळं लिहायचं कारण असं की हा रोग माझ्या एकटीचा नाही. मिरकरवाड्यात, राजिवड्यात, कुठल्याही चहाच्या टपरीवर बसा. कोर्टाचा विषय निघाला की दोनच वाक्यं ऐकू येतात. पोरं म्हणतात, "जजचं नाव बघ, निकाल कळेल." वडीलधारे म्हणतात, "पूर्वी आपले केवढे मोठे जज होते!" मला ही दोन्ही वाक्यं एकच वाटतात. दोघांनाही जजनं काय लिहिलं याच्याशी देणंघेणं नाही. दोघं फक्त नाव वाचतात.

तर नावांबद्दलच बोलू.

रत्नागिरीत टिळक आळी आहे, तिथं लोकमान्यांचं जन्मस्थान आहे. शाळेत असताना आपण सगळे तिथं रांगेनं जाऊन आलोय. १८९७ साली टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला, हे पोरांना पाठ असतं. त्या खटल्यात त्यांना जामीन कुणी दिला, असं मी आमच्या रविवारच्या बैठकीत विचारलं. वीसेक जण होते, त्यात तिघं कायद्याचे विद्यार्थी. कुणालाच सांगता आलं नाही.

जामीन दिला न्यायमूर्ती बदरुद्दीन तय्यबजी यांनी.

वडीलधाऱ्यांनी लगेच छाती फुगवू नये. आधी हा माणूस त्या खुर्चीपर्यंत कसा पोचला ते ऐका. जन्म १८४४ चा, सुलेमानी बोहरा व्यापारी कुटुंबातला. १८६७ मध्ये बॅरिस्टर होऊन आला, मुंबई हायकोर्टातला पहिला भारतीय बॅरिस्टर. भाऊ कमरुद्दीन सॉलिसिटर. १८७४ मध्ये या भावांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी अंजुमन-ए-इस्लाम उभी केली, जिच्या शाळा-कॉलेजांत तुमच्यापैकी कित्येकांचे मामा-काका शिकले असतील. १८८२ मध्ये गव्हर्नरनं त्यांना मुंबईच्या कायदे कौन्सिलवर नेमलं. म्हणजे आजच्या भाषेत आमदार, पण मतांवर निवडून आलेले नव्हेत. तेव्हा तसं निवडून येताच येत नव्हतं. १८८५ मध्ये फिरोजशहा मेहता आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्याबरोबर बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन. १८८७ मध्ये मद्रासच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष. आणि १८९५ मध्ये मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती, तिथं बसलेले पहिले मुसलमान.

म्हणजे कौन्सिलचा सभासद, काँग्रेसचा अध्यक्ष आणि त्यानंतर जज. आज असं झालं तर टीव्हीवर रात्रभर गदारोळ होईल. तेव्हा मात्र ही नेहमीची वाट होती. तेलंग कौन्सिलमध्ये होते, १८८९ मध्ये जज झाले. न्यायमूर्ती रानडेही कौन्सिलवर बसून आले, १८९३ मध्ये हायकोर्टात गेले. नारायण गणेश चंदावरकर १९०० मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष आणि लगेच १९०१ मध्ये न्यायमूर्ती!

तय्यबजींना आपल्याच लोकांनी डोक्यावर घेतलं होतं असंही समजू नका. काँग्रेसमध्ये गेले म्हणून सर सय्यद अहमद खानांशी त्यांचा वाद झाला आणि मुसलमानांतला मोठा वर्ग सर सय्यद यांच्या बाजूनं होता. तय्यबजी स्वतःही डगमगले होते. १८८८ मध्ये त्यांनी ह्यूम यांना पत्र लिहून काँग्रेस पाच वर्षं स्थगित ठेवावी असं सुचवलं. पुढं १९०३ मध्ये मुंबईत मुस्लिम शिक्षण परिषदेच्या अध्यक्षपदावरून पडद्याच्या रूढीविरुद्ध बोलले, तेव्हाही समाजातल्या अनेकांना ते रुचलं नाही. आज फोटो लावणाऱ्यांचे पणजोबा त्या सभेत कुठल्या बाजूला बसले असते, हा प्रश्न मी मनातच ठेवते.

आता १८९७ कडे येऊ. पुण्यात प्लेग, रँडची जबरदस्ती, शिवाजी उत्सव. जूनमध्ये 'केसरी'त मजकूर छापून आला. त्यातला एक भाग होता अफझलखानाच्या वधाबद्दलचा, तो वध योग्य होता असं मांडणाऱ्या भाषणाचा वृत्तान्त. २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली. २७ जुलैला टिळकांना मुंबईत अटक झाली, कलम १२४ अ.

मॅजिस्ट्रेटनं जामीन नाकारला. हायकोर्टात दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठापुढं अर्ज गेला, तिथंही तूर्त नकार मिळाला, पुन्हा अर्ज करण्याची मुभा ठेवून. ते दोन न्यायमूर्ती होते पार्सन्स आणि रानडे. हो, तेच महादेव गोविंद रानडे, पुण्याचे, टिळकांच्याच शहरातले, त्यांच्याच जातीचे. खटला सेशन्सकडे सोपवला गेल्यावर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा अर्ज झाला, तो तय्यबजींपुढं आला.

त्या माणसाकडं टिळकांवर राग धरायला कारणं कमी नव्हती. १८९३ च्या मुंबईच्या दंगलीनंतर सरकार मुसलमानांना झुकतं माप देतं असं 'केसरी' म्हणत होता. सार्वजनिक गणेशोत्सव त्याच काळातला, आणि मोहरमच्या ताबुतांना हिंदूंनी जाऊ नये ही हाकही त्याच काळातली. समाजसुधारणेच्या प्रश्नावर दोघं दोन टोकांना. आणि समोरच्या कागदात अफझलखानाच्या वधाचं समर्थन! टिळकांच्या समर्थकांमध्येही कुणी बोर्डावरचं नाव वाचून मान हलवली असेलच. आपण हलवतो तशीच.

तय्यबजींनी जामिनाच्या अर्जात जो प्रश्न विचारायचा असतो तो विचारला: हा माणूस खटल्याला हजर राहील का? राहील, यात शंका घ्यायला जागा नव्हती. मग त्याला बचावाची तयारी बाहेर राहून करू द्यावी. सरकारी बाजूचा विरोध होता, तरी मोठ्या रकमेच्या हमीवर टिळक सुटले.

पुढं खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्यूरीला 'सरकारविषयी प्रेमाचा अभाव म्हणजेच अप्रीती' असा अर्थ सांगितला. सहा युरोपियन ज्यूरर विरुद्ध तीन भारतीय असा कौल लागला आणि अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. एका जामिनानं टिळक वाचले नाहीत. पण ज्या दिवशी प्रश्न जामिनाचा होता, त्या दिवशी उत्तर जामिनाचंच मिळालं.

याच गोष्टीचा पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. तय्यबजींपुढं टिळकांच्या जामिनासाठी उभे होते बॅरिस्टर दिनशा दावर. १९०८ मध्ये टिळकांवर पुन्हा राजद्रोह, पुन्हा मुंबई, पुन्हा जामिनाचा अर्ज. या वेळी वकील होते मोहम्मद अली जीना, आणि खुर्चीवर होते न्यायमूर्ती दिनशा दावर. अकरा वर्षांपूर्वी ज्या बाजूनं बोलले, तीच बाजू समोरून ऐकली, आणि जामीन नाकारला. कारणांची चर्चाही त्यांनी टाळली. पुढं सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा त्यांनीच दिली.

आता सांगा, यात 'आपला' कोण होता? टिळकांच्या जातीचा माणूस, की त्यांचा जुना वकील, की ज्यांना ते परके मानत होते तो माणूस? जजचं नाव बघून निकाल सांगणाऱ्या पोरांनी १८९७ आणि १९०८ चे तीन निकाल आधी सांगून दाखवावेत.

वडीलधाऱ्यांसाठी दुसरं नाव आहे, बहारुल इस्लाम. आसामचे, काँग्रेसचे राज्यसभा खासदार. १९७२ मध्ये खासदारकी सोडून गुवाहाटी हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले, पुढं तिथले मुख्य न्यायमूर्ती, आणि निवृत्त झाल्यावर १९८० च्या डिसेंबरात थेट सर्वोच्च न्यायालयात. १९८२ च्या डिसेंबरात बिहारचे काँग्रेसचे मुख्यमंत्री जगन्नाथ मिश्र यांच्यावरचा सहकारी बँकेच्या घोटाळ्याचा खटला मागं घ्यायला त्यांच्या खंडपीठानं दोन विरुद्ध एक अशी परवानगी दिली. विरोधात लिहिणारे एकटे होते न्यायमूर्ती तुळजापूरकर. बहारुल इस्लाम बहुमतात होते. पुढच्या महिन्यात त्यांनी राजीनामा दिला आणि काँग्रेसचे लोकसभा उमेदवार झाले. आसामातली ती निवडणूक लांबली, तर पक्षानं त्यांना पुन्हा राज्यसभेवर घेतलं.

हेही आपल्यातलेच होते. लावायचा यांचा फोटो?

आणि आपल्यातले नव्हते असे एक. व्ही. आर. कृष्ण अय्यर: १९५२ मध्ये मद्रासच्या विधानसभेत आमदार, १९५७ मध्ये केरळच्या पहिल्या कम्युनिस्ट सरकारात गृह आणि कायदामंत्री, १९६८ मध्ये केरळ हायकोर्टाचे न्यायमूर्ती, १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालय. कम्युनिस्ट मंत्री होता म्हणून मुंबईच्या काही नामांकित वकिलांनी त्यांच्या नेमणुकीला विरोध केला होता. सोली सोराबजी त्यांपैकी एक, आणि पुढं आपली चूक झाली हे त्यांनी मोकळेपणानं मान्य केलं. जामीन हा नियम आणि तुरुंग हा अपवाद, हे सूत्र कृष्ण अय्यर यांनी १९७७ मध्ये लिहिलं. आम्ही वकील ते रोज वापरतो.

पण मुलींनो, तुमच्यासाठी त्यांचा निराळा निकाल आहे: बाई ताहिरा, १९७८. मुंबईची घटस्फोटित बाई. नवऱ्याचं म्हणणं असं की पाच हजार मेहर आणि इद्दतचे एकशे ऐंशी रुपये दिले, आता माझा संबंध संपला. कृष्ण अय्यर यांनी विचारलं की एवढ्या रकमेवर बाई जगणार कशी. दिलेली रक्कम पोटगीची जागा घेण्याइतकी असेल तरच नवरा सुटतो, असं त्यांनी ठरवलं. शहाबानोच्या सात वर्षं आधीची ही गोष्ट. शहाबानोचं नाव सगळ्यांना माहीत असतं, कारण तिच्यावरून मोर्चे निघाले. ताहिराबाईला कुणी विचारत नाही. 'आपला जज' शोधणाऱ्या मंडळींना तिच्या बाजूनं उभा राहिलेला जज आपला वाटला असता का? मला शंका आहे.

अलीकडे हा विषय महाराष्ट्रात पुन्हा पेटला. २०२५ च्या जुलैत कॉलेजियमनं मुंबई हायकोर्टासाठी आरती साठे यांच्या नावाची शिफारस केली. त्या आधी भाजपच्या प्रदेश प्रवक्त्या होत्या. २०२४ च्या जानेवारीत त्यांनी ते पद सोडलं होतं, असा खुलासा पक्षानं केला. विरोधकांनी टीका केली, नेमणूक झाली. आमच्या बैठकीत एक जण म्हणाला, "आता तरी पटलं ना मॅडम?"

मला पटलं नाही, आणि का ते सांगते. राजकारणातून आलेल्या माणसाला जज होऊच देऊ नये, हा नियम मी मान्य केला तर तय्यबजी बाद होतात, कृष्ण अय्यर बाद होतात. त्यांच्यासाठी नियम सोडा आणि इतरांसाठी लावा, असं म्हणण्याइतकी बेइमानी माझ्यात नाही. मात्र पक्ष सोडल्यावर नेमणुकीआधी काही वर्षं जावीत, कॉलेजियमनं आपली कारणं सविस्तर जाहीर करावीत, आणि जुन्या पक्षाशी संबंधित खटला समोर आला तर जजनं तो स्वतःहून सोडावा. एवढी मागणी आपण कुठल्याही पक्षाबाबत, कुठल्याही नावाबाबत करायला हवी. त्यानंतर त्या व्यक्तीचे आदेश वाचावेत आणि त्यांवरच बोलावं.

माझा खरा राग दुसऱ्या दरवाजावर आहे. राजकारणातून कोर्टात येणाऱ्याचा भूतकाळ सगळ्यांसमोर असतो, वकील तो बोलून दाखवू शकतो. कोर्टातून राजकारणात जाणाऱ्याच्या मनात काय चाललंय ते खुर्चीवर असताना कुणालाच दिसत नाही. सरन्यायाधीश रंजन गोगोई निवृत्तीनंतर चार महिन्यांत, २०२० च्या मार्चमध्ये राज्यसभेत गेले. कलकत्ता हायकोर्टाचे अभिजित गंगोपाध्याय २०२४ च्या मार्चमध्ये राजीनामा देऊन भाजपमध्ये गेले आणि त्याच निवडणुकीत खासदार झाले. न्यायमूर्ती अब्दुल नझीर २०२३ च्या जानेवारीत निवृत्त झाले आणि पुढच्याच महिन्यात आंध्रचे राज्यपाल नेमले गेले. घ्या, पुन्हा एक 'आपल्यातला'. तय्यबजी १९०६ मध्ये वारले तेव्हा जजच होते. बहारुल इस्लाम यांच्या गोष्टीतही मला ते खासदार होते याचं काही वाटत नाही. निकालानंतर महिन्याभरात उमेदवार झाले, याचं वाटतं.

आता पोरं म्हणतील, मॅडम, हे सगळं पुस्तकी आहे. उमर खालिदला सप्टेंबर २०२० मध्ये उचललं आणि खटला न संपताच पाच वर्षं गेली, तिथं तुमचा तय्यबजी कुठं होता? हा प्रश्न खरा आहे. २००८ मध्ये यूएपीएमध्ये घातलेल्या कलम ४३ डी (५) नं जामिनाचा प्रश्नच बदलून टाकला आहे. हजर राहील का, हे विचारण्याआधी आरोप वरवर खरा दिसतो का हे बघायचं, तेही मुख्यत्वे पोलिसांच्या कागदांवरून. फादर स्टॅन स्वामी ८४ वर्षांचे होते, जामिनाचा अर्ज चालू असतानाच जुलै २०२१ मध्ये मुंबईत गेले. मी डोळे मिटून घ्या म्हणत नाही. पण त्याच २०२१ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानं के. ए. नजीबच्या खटल्यात सांगितलं की खटला वर्षानुवर्षं रेंगाळत असेल तर हे कलम असूनही घटनात्मक न्यायालय जामीन देऊ शकतं. हा निकाल वापरायला कुणीतरी तो वाचलेला असावा लागतो. अन्यायाविरुद्ध बोलायचं असेल तर 'जजच तसा' म्हणून ते बोलता येणार नाही. आदेशाच्या कुठल्या परिच्छेदात काय चुकलंय ते बोट ठेवून सांगावं लागेल. मी दोन पानी अर्ज केला तेव्हा माझ्याकडं बोट ठेवायला काहीच नव्हतं.

आणि जज आपल्यातले नाहीत ही तक्रार असेल, तर रत्नागिरीत पोलिसांनी पकडलेला पोरगा ज्यांच्यासमोर पहिल्यांदा उभा केला जातो ते मॅजिस्ट्रेट लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून येतात. कॉलेजियम तिथं नाही, कौन्सिलचा गव्हर्नरही नाही. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. ज्यांच्या घरी तीन वर्षं बिनपगारी ज्युनिअरशिप परवडत नाही त्यांच्यावर ही अट जड जाणार आहे, आणि आपल्या मोहल्ल्यांत अशीच घरं जास्त. समाजाच्या संस्था हॉल बांधतात, सत्कार करतात. तीन वर्षं एका ज्युनिअरला महिन्याचा खर्च देणारी संस्था मला अजून भेटायची आहे. गेल्या ऑगस्टमध्ये, म्हणजे २०२५ ला, कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं. रत्नागिरी त्याच्या कक्षेत आहे. मुंबईची रात्रीची गाडी वाचली. घाट चढून कोल्हापूरला उभे राहणारे आपले वकील किती, ते मात्र एका हातावर मोजता येतील.

आमच्या रविवारच्या बैठकीत आता भाषण नसतं. एक आदेश वाचतो, मोठ्यानं, शेवटच्या ओळीपर्यंत. जजचं नाव झाकून ठेवतो आणि वाचून झाल्यावर उघडतो. स्टेटसवाला तो पोरगा येऊन मागं बसतो. मागच्या खेपेला त्यानं स्वतःच्याच जामिनाचे दोन्ही आदेश आणले होते. पहिला वाचून झाल्यावर त्यानं सगळ्यांसमोर विचारलं, "मॅडम, नोटिशीचं यात का नाही?" मी सांगितलं. त्याचं आरोपपत्र अजून यायचं आहे.